नवी पिकअप दहा लाखांची झाली, ते रास्त आहे का?

तुर्भ्याच्या मार्केटमध्ये किंवा भिवंडीकडच्या गोदामांच्या रांगेत टेम्पोवाल्यांशी दहा मिनिटं बोललं की एक प्रश्न हमखास निघतो. हौदा तेवढाच, चाकं चारच, इंजिनही बाहेरून तसंच, मग पैसे दुप्पट कशाचे? माझं काम छोट्या गाडीमालकांचे हिशेब आणि कराचे कागद बघण्याचं आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी कोटेशनच्या कागदासकट येतो. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारखान्यातून निघताना गाडीची जी किंमत लागते ती बरीचशी रास्त आहे, असं माझं मत आहे. पण तीच गाडी एका मोठ्या कंपनीला ज्या भावात पडते, त्याच भावात कळव्याच्या एकट्या मालकाला पडत नाही. खरा अन्याय त्या फरकात आहे.

मी बोलतोय ते साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांबद्दल. म्हणजे छोटा हत्ती, इंट्रा, दोस्त, सुपर कॅरी आणि सगळ्यात जास्त दिसणारी बोलेरो पिकअप. घोडबंदर रोडवर हौसेनं फिरवल्या जाणाऱ्या तीस-पस्तीस लाखांच्या आलिशान पिकअपचा विषय वेगळा, तो इथे नको.

आधी महागाई बाजूला काढून बघू. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती २००५ च्या मे महिन्यात आला, तेव्हा त्याची किंमत साधारण सव्वादोन लाख रुपये होती. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन आणि पाऊण टनाचा माल. आता त्या सव्वादोन लाखांची आजची किंमत काढायची तर आयकर खात्याचा महागाई निर्देशांक हाताशी आहे. जुनं घर विकताना भांडवली नफा मोजायला वापरतात तोच. २००५-०६ साली तो ११७ होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. म्हणजे सव्वातीन पटीला थोडं कमी. त्या हिशेबानं २००५ चे सव्वादोन लाख आज सव्वासात लाखांच्या आसपास जातात. आणि जून २०२५ मध्ये त्याच कंपनीनं एस प्रो नावाची पाऊण टनाचीच पेट्रोल गाडी आणली ती ३ लाख ९९ हजारांपासून. सगळ्यात लहान गटात तरी गाडी महागाईच्या मागेच आहे, पुढे नाही.

पण दहा लाखांची पिकअप घेणारा म्हणेल, मला छोटा हत्ती नकोच आहे. बरोबर आहे, आणि वाढीचा एक मोठा तुकडा नेमका तिथे आहे. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक पाऊण टनावरून दीड-पावणेदोन टनावर सरकलं. शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळा असतात, पिकअप मात्र गल्लीत शिरते. शिवाय साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्यामुळे 'पिकअप महाग झाली' म्हणताना आपण पुष्कळदा लहान गाडीची जुनी किंमत आणि मोठ्या गाडीची नवी किंमत शेजारी ठेवतो. एका टनामागे किती पैसे पडतात हे काढलं तर चित्र उलटं दिसतं. आजच्या पैशात सव्वासात लाखांची पाऊण टनाची गाडी म्हणजे टनाला साडेनऊ लाखांहून जास्त. दहा लाखांची १.७ टनांची पिकअप म्हणजे टनाला सहा लाखांच्या आत.

मग इंजिनकडे येऊ, कारण डिझेल गाडीत खरा खर्च तिथे वाढला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या सरकारी मर्यादांची सहावी पायरी, लागू झाली. सरकारनं बीएस-५ ची पायरी गाळली आणि बीएस-४ वरून थेट सहावर उडी घेतली. जड पिकअपच्या गटात धुरातल्या काजळीची मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा ३९० वरून १२५ मिलिग्रॅमवर. डिझेलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावं लागलं, कारण जास्त गंधकाच्या डिझेलवर धूर साफ करणारी नवी यंत्रणा टिकत नाही.

जुन्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारं फारसं काही नव्हतं, बराचसा धूर सरळ बाहेर जायचा. आता आधी एक उत्प्रेरक भट्टी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लागते, ज्यात प्लॅटिनमसारखा धातू असतो. मग डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी काही गाड्यांत युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा, काहींत वेगळी भट्टी. या सगळ्यावर लक्ष ठेवायला तापमानाचे, दाबाचे, धुराचे सेन्सर आणि ते सगळं चालवणारा संगणक. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात प्रयोगशाळेतल्या चाचणीबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही गाडीचा धूर मोजतात आणि मर्यादेत ठेवावा लागतो. यातली एकही वस्तू माल वाहून नेत नाही. मालकाला हौद्यात काहीच नवं दिसत नाही, आणि म्हणूनच त्याला वाटतं की पैसे उगाच घेतले.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ही यंत्रणा इंजिन लहान म्हणून फारशी स्वस्त होत नाही. सेन्सर तेवढेच लागतात, संगणक तोच, जाळी थोडी लहान इतकंच. त्यामुळे सगळ्यात जास्त फटका सगळ्यात लहान डिझेल गाडीला बसला. मारुतीनं सुपर कॅरीचं डिझेल इंजिन बीएस-६ च्या वेळी बंदच केलं आणि ती गाडी पेट्रोल व सीएनजीवर राहिली. ठाणे-नवी मुंबईत महानगर गॅसचे पंप असल्यामुळे आपल्याकडे तो पर्याय तरी आहे. वाड्या-पाड्यांतून माल आणणाऱ्याला तो पर्याय अजूनही सहज मिळत नाही.

डीपीएफचा त्रास किमतीत लिहिलेला नसतो, पण तो खर्चात धरायलाच हवा. जाळीत साठलेली काजळी जाळायला धूर साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश तापावा लागतो. महामार्गावर एका वेगानं गाडी पळाली की हे सोपं जातं. पण मार्केटच्या गेटवर तासभर रांग, मग वाशीचा सिग्नल, मग माजिवड्याला कोंडी, अशा चालीत धूर तेवढा तापतच नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, पिकअप ओढत नाही. पूर्वी रस्त्याकडेचा मेकॅनिक पाना घेऊन अर्ध्या तासात काम उरकायचा, आता स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. ज्यांची धाव पूर्ण वेळ शहरातच आहे, त्यांना मी नवी डिझेल पिकअप सुचवत नाही. सीएनजी घ्या, किंवा दिवसाचा फेरा ठरलेला असेल तर इलेक्ट्रिकचा हिशेब करून बघा. तिच्यावर जीएसटी ५ टक्केच आहे.

पोलाद, रबर, चिप यांचे भाव वाढले हे कारण कंपन्या दर वेळी देतात आणि ते खोटं नाही. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा होता, सीएनजी-पेट्रोल गाड्यांच्या भट्टीत लागणारा रोडियम त्याच वर्षी विक्रमी भावाला पोचला होता. एप्रिल २०२५ मध्ये आयात होणाऱ्या सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षण शुल्क बसलं. पण रोडियम नंतर कितीतरी खाली आला तरी गाडीची किंमत खाली आली नाही. जानेवारीत दोन टक्के, एप्रिलमध्ये दोन टक्के अशी वाढ कानाला किरकोळ वाटते. सहा वेळा दोन-दोन टक्के वाढले की नऊ लाखांच्या गाडीचे दहा लाख तेरा हजार होतात. कच्चा माल चढला की किंमत चढते, उतरला की ती तिथेच थांबते. हा भाग मला रास्त वाटत नाही.

स्पर्धा कमी असली की असं होतं. दोन ते साडेतीन टनांच्या गटात निम्म्याहून जास्त बाजार एकट्या महिंद्राकडे आहे. गाडी दणकट आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, जुनी विकताना भाव येतो, म्हणून लोक घेतात आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. पण एकाकडे एवढं गिऱ्हाईक असलं की किंमत उतरवायची घाई कुणालाच नसते. चार लाखांच्या आत गाडी आणता येते हे एस प्रोनं दाखवलं. पावणेदोन टनांच्या गटात तसा धक्का अजून कुणी दिलेला नाही.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पुष्कळांना वाटलं किंमत दहा टक्के उतरेल. तसं होत नाही, कारण कर मूळ किमतीवर लागतो. मूळ शंभर रुपयांची वस्तू १२८ ला मिळायची, ती ११८ ला आली. १२८ मधले १० म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. करासकट दहा लाखांच्या गाडीत ७८ हजारांची बचत. चांगली रक्कम आहे.

पण त्याच वर्षी १ जुलैपासून महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आला. आधी हा कर वजनावर ठरायचा. आता दहा लाखांच्या गाडीला आरटीओत ७० हजार एकदम भरायचे. आधीही काही कर होताच, त्यामुळे सगळे ७० हजार नवे आहेत असं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि पुन:पुन्हा कर भरायची कटकट मिटली हेही खरं. पण दोन गोष्टी बदलल्या. वजनावरचा कर गाडी महागली म्हणून वाढत नव्हता, हा मात्र किमतीबरोबर आपोआप वाढतो, म्हणजे धूर साफ करणाऱ्या जाळीवरही आता ७ टक्के. आणि तो गाडी रस्त्यावर येण्याआधी रोख लागतो. फायनान्सवाले बहुतेक वेळा एक्स-शोरूम किमतीच्या हिशेबात कर्ज देतात, कर आणि विमा खिशातून. ज्या माणसानं बायकोचे दागिने गहाण ठेवून डाउन पेमेंट उभं केलंय, त्याला हे ७० हजार पेलणं फार जड जातं. निदान एकच गाडी असलेल्या मालकाला हा कर चार-पाच हप्त्यांत भरायची सोय असायला हवी.

आणि आता तो फरक, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. मूळ किंमत आठ लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार जीएसटी, एकूण ९ लाख ४४ हजार. रबाळे एमआयडीसीतला जीएसटीत नोंदलेला कारखानदार हीच गाडी आपला माल पोचवायला घेतो. तो भरलेले १ लाख ४४ हजार आपल्या विक्रीवर भरायच्या जीएसटीतून वजा करून घेतो. कारवर ही वजावट सहसा मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळते. म्हणजे त्याला गाडी पडली आठ लाखांना. कळव्याचा एकटा मालक काय करतो? तो भाडं मारतो. ट्रान्सपोर्ट एजन्सी किंवा कुरियर नसलेल्या माणसानं रस्त्यानं केलेली मालवाहतूक जीएसटीतून मुक्त आहे. ऐकायला सवलत वाटते. पण त्याच्या भाड्यावर करच नाही, म्हणून वजा करायला जागाही नाही. त्याचे १ लाख ४४ हजार गेले ते गेले. तीच गाडी, तोच शोरूम, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच ती जवळजवळ दीड लाखांनी महाग.

यात सवलतीचा भाग अजून धरलेला नाही. मालवाहू गाड्यांत छापील किंमत आणि खरी किंमत यांत बरंच अंतर असतं. दहा गाड्या एकदम उचलणाऱ्याला जी सूट मिळते ती एक गाडी घेणाऱ्याला मिळत नाही, आणि ती किती आहे हे त्याला कळतही नाही. मार्चअखेरीला, किंवा मागच्या वर्षाच्या बनावटीची गाडी उरली असेल तेव्हा, दोन-तीन शोरूमचे लेखी कोटेशन समोर ठेवून बोला. हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ती कशाची म्हणून विचारा आणि काढून घ्या. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी जून २०२२ ला ठरलेला दर १६,०४९ रुपये आहे, त्यावर कर वेगळा. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तिथे तीन कंपन्यांचे भाव विचारले की काही हजार वाचतात.

सगळ्यात जास्त पैसे मात्र व्याजात जातात आणि त्याकडे कुणी बघत नाही. 'आठ टक्क्यांनी लोन देतो' असं सांगतात, ते फ्लॅट व्याज असतं. नऊ लाखांवर पाच वर्षं आठ टक्के फ्लॅट म्हणजे दर वर्षी ७२ हजार, पाच वर्षांत ३ लाख ६० हजार, हप्ता २१ हजार. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत चाललेले असता. चौथ्या वर्षी तुमच्याकडे नऊ लाख उरलेलेच नसतात, तरी व्याज नऊ लाखांवरच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. दहा टक्के घटत्या व्याजानं हेच कर्ज मिळालं तर हप्ता १९,१२२ रुपये, चौदा टक्क्यांनी २०,९४१. पाच वर्षांत फरक १ लाख ९ हजार. जीएसटी कपातीनं वाचलेल्या ७८ हजारांपेक्षा हा आकडा मोठा आहे. ज्याच्याकडे बँकेचे व्यवहार आणि विवरणपत्रं आहेत त्याला दहा टक्के मिळतात, रोखीनं धंदा करणाऱ्याला चौदा. म्हणून मी येईल त्या प्रत्येक मालकाला सांगतो, कर लागो न लागो, विवरणपत्र भरा आणि भाडं खात्यात घ्या.

मग ही वाढ भाड्यातून निघते का? २१ हजारांचा हप्ता २५ दिवस धंदा झाला तर दिवसाला ८४० रुपये पडतो. २० दिवसच झाला तर १,०५०. डिझेल, हमाली, ड्रायव्हर, पार्किंग आणि टायर यांच्या आधी. हप्ता ठरलेला, धंद्याचे दिवस मात्र पावसावर, सणांवर आणि मार्केटच्या बंदवर. भाड्याचे दर ज्यांच्या हातात आहेत ते व्यापारी आणि अॅपवाले गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ हे विचारत नाहीत. जुनी, हप्ते फिटलेली गाडी असलेला माणूस कमी भाड्यात जातो, आणि नव्या गाडीवाल्यालाही त्याच भावात जावं लागतं. स्वच्छ धुराचा खर्च एकट्यानं उचलायचा, हवा मात्र कोपरीपासून कोपरखैरण्यापर्यंत सगळ्यांची सुधारते.

याचा परिणाम उघड दिसतो. नवी परवडत नाही म्हणून पंधरा वर्षांची काळा धूर ओकणारी गाडी अजून दोन वर्षं ओढली जाते. ज्या हवेसाठी बीएस-६ आणलं, तीच हवा नव्या गाडीच्या किमतीमुळे घाण राहते. प्रदूषण कमी करायचं असेल तर जुनी बीएस-३ गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्या एकट्या मालकाला त्या १ लाख ४४ हजारांतला काही भाग परत मिळाला पाहिजे. कारखानदाराला पूर्ण मिळतो, तर याला अर्धा तरी द्यायला काय हरकत आहे?

तोवर काय करायचं, असं मला विचाराल तर उत्तर तुमच्या कामाच्या दिवसांवर आहे. एखाद्या गोदामाशी किंवा दुकानाशी महिन्याला बावीस-तेवीस दिवसांचं काम लेखी ठरलेलं असेल, तर नवी घ्या. ती स्वतःला फेडते. काम नाक्यावर उभं राहून मिळणारं असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली बीएस-६ गाडी बघा, कारण सुरुवातीच्या वर्षांतली घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते. घेताना रंग आणि टायर नंतर बघा. आधी स्कॅनर लावायला सांगा आणि डीपीएफमध्ये काजळी किती साठली आहे ते वाचून घ्या. काही जण ती जाळी आतून पोकळ करून गाडी विकतात. अशी गाडी चांगली ओढते म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, पण ते बेकायदा आहे, फिटनेसच्या वेळी सापडण्याची भीती कायम राहते आणि नवी जाळी बसवायचा खर्च तुमच्या अंगावर येतो. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.